१४ फेब्रुवारी : विद्यापीठात सावित्रीबाई

२०२२ मध्ये आजच्या दिवशी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात सावित्रीबाईंच्या पूर्णाकृती ब्राँझ पुतळ्याचे अनावरण तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्या हस्ते झाले. विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव मिळाले २०१४ मध्ये. पुतळ्याला मात्र आणखी साडेसात वर्षे लागली, हा उशीर खटकतोच.

१८४८ मध्ये पती जोतिरावांनी पुण्यातील भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. वाटेत अंगावर शेण-चिखल फेकला जाई. तरी शाळा सुटली नाही. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचवले. त्याच साथीने १० मार्चला सावित्रीबाईंचा बळी घेतला. ३ जानेवारीला कोंढव्यापासून कोल्हापूरपर्यंत शाळाशाळांत त्यांची जयंती होते, ती अशा आयुष्याची.

कर्तृत्ववान स्त्रियांना चौथऱ्यावर जागा उशिराच मिळते, आणि हे केवळ आपल्याकडचे नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये प्रत्यक्ष होऊन गेलेल्या स्त्रियांचा पहिला पुतळा उभा राहिला २६ ऑगस्ट २०२० रोजी. त्या ब्राँझ शिल्पात स्त्रीहक्कांसाठी लढलेल्या सोजर्नर ट्रुथ, सुसान अँथनी आणि एलिझाबेथ कॅडी स्टँटन एका टेबलाभोवती आहेत.