दंडावरचा फोड : देवीच्या लसीची विस्मृत कुपी

लस टोचलेली जागा लाल होणे, सुजणे, ठणकणे यांस आज आपण दुष्परिणाम म्हणतो. देवीच्या लसीचा इतिहास मात्र या फोडावाचून घडलाच नसता. त्या काळी दंडावर उठलेला फोड हीच लस लागू पडल्याची खूण होती आणि पुढच्या माणसाची लसही त्यातूनच निघे.

जेन्नरची लस हिंदुस्थानात आणण्याचे आरंभीचे प्रयत्न फसले. दोऱ्यावर वाळवलेला लसद्रव प्रवासातील उष्णतेने निकामी होई. अखेर व्हिएन्नाहून बगदाद आणि बसरामार्गे तो मुंबईस पोहोचला व १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या अंगी रुजला. ती एका नोकराची मुलगी. पुढच्या आठवड्यात तिच्या फोडातील द्रव मुंबईतील आणखी पाच मुलांना टोचण्यात आला. तेथून लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रासकडे गेली. एवढ्या मोठ्या प्रदेशाची लस काही दिवस एका बालिकेच्या दंडात साठवलेली होती! ग्रंथांत डॉक्टरांची नावे ठळक येतात, हिचे ओझरते. मला हा न्याय वाटत नाही.

ही साखळी टिकवायची तर साधारण आठव्या दिवशी मुलाला पुन्हा आणून त्याचा भरलेला फोड फोडावा लागे. आईबापांनी का नाकारू नये? लेकराच्या वेदना होत्याच, शिवाय परजातीच्या अंगातील द्रव आपल्या मुलाच्या अंगी जाण्याची धास्तीही होती. या विरोधाला केवळ अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे सोपे आहे; पण १८६१मध्ये इटलीतील रिव्हाल्ता येथे अशाच लसीकरणातून अनेक मुलांना उपदंश जडला होता. मुंबईत १८७७च्या कायद्याने मुलांना देवी काढणे सक्तीचे झाले. पुढे वासरांच्या अंगावर लस वाढवण्याची पद्धत रूढ झाली आणि मुलांच्या दंडांची सुटका झाली.

ठणका मात्र गेला नाही. भारतात दीर्घकाळ दातेरी चकतीचे हत्यार कातडीवर दाबून फिरवीत. जखम मोठी होई. निर्मूलन मोहिमेत दुटोकी सुई आली. तिने एकाच जागी भराभर पंधरा टोचे मारीत. कोणाला लस मिळाली आहे, हे मोहिमेतील कर्मचारी दंडावरचे व्रण पाहून ठरवीत. मे १९७५नंतर भारतात देवीचा स्थानिक रुग्ण आढळला नाही.

आजीच्या हातावरचे मोठे गोल वण बहुधा त्या फिरत्या चकतीचे आहेत.