अश्लील, अशोभनीय आणि अप्रतिष्ठा

वर्धा जिल्ह्याचें नांव निघालें म्हणजे सेवाग्राम, चरखा व सत्याग्रह यांचेंच स्मरण वाचकांस होतें. परंतु स्त्रीदेहाच्या बाजारी प्रदर्शनास झालेल्या विरोधाचा इतिहास शोधूं गेल्यास त्याचाही एक धागा याच जिल्ह्यांत, पवनारच्या धाम नदीकांठीं, येऊन पोंचतो.

विनोबा भावे १९२१ सालीं वर्ध्यास आले व १९३८ सालीं पवनारास राहूं लागले. तेथेंच १९५९ सालीं त्यांनीं ब्रह्मविद्यामंदिर स्थापिलें. स्त्रियांनीं सामुदायिक साधना करावी व कारभारही स्वतःच एकमतानें चालवावा, असा तो प्रयोग होता. पुढच्याच वर्षीं पदयात्रा करीत विनोबा इंदुरास गेले. तेथील भिंतींवरचीं सिनेमाचीं भडक चित्रें पाहून त्यांनीं 'अशोभनीय' भित्तिचित्रांविरुद्ध मोहीम पुकारली. पुस्तक वाचणें वा चित्रपटास जाणें ज्याच्या त्याच्या इच्छेवर असतें. रस्त्यावरचें चित्र मात्र लहान मुलांच्याही डोळ्यांवर लादलें जातें, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. शब्दही त्यांनीं विचारपूर्वक योजिला. 'अश्लील' काय हें कायदा ठरवितो. 'अशोभनीय' काय हें नागरिकांस, विशेषतः माताभगिनींस, स्वतःच ठरवितां येतें.

येथें चिकित्सक वाचक आम्हांस अडवितील, आणि तें योग्यच होय. महाराष्ट्राचा अनुभव असा कीं, अश्लीलतेचें हत्यार ज्याच्या हातीं जाईल त्याच्या मर्जीप्रमाणें चालतें. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून संततिनियमनाचा व स्त्रीच्या कामजीवनांतील हक्काचा निर्भय पुरस्कार केला. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी शिक्षा टळली नाहीं. ज्या कायद्याचा आधार स्त्रियांनीं मागावा त्यानेंच त्यांच्या एका कैवाऱ्यास दंडिलें!

तेव्हां प्रश्न चित्र किती उघडें आहे हा नसून, त्यांत स्त्रीस काय मानिलें आहे हा आहे. हा भेद पुढच्या पिढींतील स्त्रियांनीं स्पष्ट केला. चंद्रपूर जिल्ह्यांतील एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यांत झालेल्या अत्याचाराच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं आरोपी पोलिसांस निर्दोष ठरविलें. त्यावर जो क्षोभ उसळला त्यांतून १९८० च्या सुमारास मुंबईसह ठिकठिकाणीं स्त्रीसंघटना उभ्या राहिल्या. जाहिरातींतील व चित्रपटांतील स्त्री ही विकाऊ वस्तु कां, असा त्यांचा सवाल होता. १९८६ सालीं स्त्रियांच्या असभ्य चित्रणास बंदी करणारा कायदा संसदेनें संमत केला. त्यांत स्त्रीची अप्रतिष्ठा हा दोष मानिला खरा. पण सार्वजनिक नीतीचा भंग हाही जुना निकष शेजारीं बसविला. म्हणूनच अनेक स्त्रीवादी कार्यकर्त्यांचें त्यानें समाधान झालें नाहीं.

ही अडचण केवळ आमचीच नव्हे. अमेरिकेंत आंड्रिया ड्वॉर्किन व कॅथरिन मॅकिनन यांनीं अशा साहित्यास नीतिभंग न म्हणतां स्त्रियांच्या समान हक्कांचा भंग म्हटलें. त्यांच्या विचारानुसार इंडियानापोलिस शहरानें १९८४ सालीं केलेला नियम न्यायालयांनीं भाषणस्वातंत्र्यास बाधक म्हणून रद्द केला. त्या वादांत स्त्रीवादी स्त्रिया दोन्ही बाजूंस होत्या; विरोधकांस भय होतें तें कर्व्यांवर आलेल्या प्रसंगासारख्याच प्रसंगांचें.

आमच्या मतें या इतिहासाचा बोध एवढाच. लादलेल्या चित्रास विरोध करण्याचा हक्क विनोबांनीं स्त्रियांच्या हातीं दिला, हें मोलाचें कार्य होय. परंतु स्त्री ही माता वा भगिनी आहे म्हणून तिची विटंबना वर्ज्य, एवढ्यावर थांबून चालणार नाहीं. जी कोणाची माता नाहीं, भगिनी नाहीं, तिचें काय? ती मनुष्य आहे, एवढें कारण आम्हांस पुरेसें वाटलें पाहिजे. तें जोंवर वाटत नाहीं, तोंवर भिंतीवरचें चित्र उतरेल, मनांतलें उतरणार नाहीं.