कुलाबा ते पनवेल: चुंबकीय नोंदींच्या छपाईचा इतिहास

पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवण्याचे मुंबई परिसरातले काम सरकारी निर्णयांवर उभे राहिले, आणि त्या नोंदी छापण्याचेही. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा काढली ती खगोलनिरीक्षण आणि वेळेच्या गणितासाठी. पुढे रॉयल सोसायटी व ब्रिटिश असोसिएशन यांनी जगभर एकाच पद्धतीने चुंबकीय मोजणी व्हावी असा आग्रह ब्रिटिश सरकारकडे धरला. कंपनीने तो मान्य केला आणि १८४१ पासून कुलाब्यात प्रा. ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली चुंबकीय वाचने सुरू झाली. त्यांच्या हाताखाली कोवळ्या वयातले केरूनाना छत्रे काम करत होते.

टांगलेला चुंबक किती हलला ते दुर्बिणीतून मोजपट्टीवर डोळ्यांनी वाचायचे आणि लगेच वहीत उतरवायचे, असे हे काम रात्रंदिवस चाले. त्या वह्यांची कोष्टके सरकारी खर्चाने खंडरूपात छापली जात. त्यांना गिऱ्हाईक नव्हते. कोणत्याही प्रकाशकाने ती स्वतःच्या पैशाने काढली नसती. पण २ सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड चुंबकीय वादळाची वाचने त्यांतच राहिली. २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना आणि अॅलेक्स या शास्त्रज्ञांनी त्या वाचनांच्या आधारे चुंबकीय क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घट दाखवली, तेव्हा त्या छपाईचे मोल साऱ्या जगाला कळले.

विसाव्या शतकाच्या आरंभी विजेच्या ट्रामचा बेत ठरला. ट्रामच्या प्रवाहाने वाचने बिघडणार हे उघड होते. संचालक नानाभाई मूस यांच्या काळात पर्यायी जागा म्हणून अलिबाग निवडले गेले. करंजाहून धरमतरची खाडी ओलांडून रेवसला उतरले की पुढे अलिबाग. मुंबईपासून फार लांब नाही, पण ट्रामच्या प्रवाहापासून सुरक्षित. चुंबकाला न ओढणाऱ्या पोरबंदरी दगडाची इमारत बांधून १९०४ मध्ये वेधशाळा सुरू झाली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे समांतर नोंदी घेतल्या, म्हणून मालिका तुटली नाही. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदींचा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध केला. एका ठिकाणच्या निरीक्षणांवर इतके सलग काम तेव्हा विरळाच होते.

१९७१ मध्ये ही परंपरा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे स्वायत्त संस्था म्हणून आली. आज तिचे मुख्यालय नवीन पनवेलला आहे. अलिबागची वेधशाळाही तीच चालवते. मात्र आता शास्त्रज्ञाचे मोल वार्षिक कोष्टकांपेक्षा नियतकालिकांतील शोधनिबंधांवर ठरते, आणि त्यांतली पुष्कळ परदेशी प्रकाशकांची. सरकारने आधी संशोधन पोसायचे आणि नंतर तेच वाचायला पैसे भरायचे, अशी स्थिती झाली. डिसेंबर २०१४ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी सरकारी निधीतले निबंध खुल्या संग्रहात ठेवण्याचे धोरण जाहीर केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेला तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये मंजूर झाले. तिच्यात ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके येतात. हा पैसा मुख्यतः वाचनासाठी आहे. वेधशाळेची कोष्टके दरवर्षी तयार करून जपण्याचा खर्च त्यात धरलेला नाही. तो आजही संस्थेनेच आपल्या अनुदानातून भागवायचा.