जोहार, जयभीम आणि पडद्यावरची मैत्री

माणूस माणसाला भेटतो तेव्हा तोंडातून पहिला शब्द कोणता निघतो, यात त्या समाजाचा इतिहास दडलेला असतो. आमच्या वाडवडिलांच्या तोंडी 'जोहार' होता. महाराने तो दुरून, वाकून घालावयाचा. त्यातून मैत्री होणे शक्यच नव्हते. कारण मैत्रीला बरोबरी लागते. पुढे 'जयभीम' आला. कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) यांच्याकडे त्याचे श्रेय जाते. या एका शब्दाने आमचा कणा ताठ केला.

पण चार लोकांत बोलायचे तर छापखाना हवा, वर्गणीदार हवेत. ही अडचण बाबासाहेबांनाही चुकली नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेले 'मूकनायक' १९२३ मध्ये बंद पडले. १९२७ चे 'बहिष्कृत भारत' १९२९ मध्ये थांबले. आज माझ्या विद्यार्थ्याच्या खिशातच छापखाना आहे. संपादकाची परवानगी नको. मग आमचे मूकपण संपले काय?

मी फेसबुकवर खाते उघडले तेव्हा आडनावापाशी हात थबकला. महाराष्ट्रात आडनाव म्हणजे जातीची पाटीच. मी फक्त माझे आणि वडिलांचे नाव लिहिले. सहकाऱ्यांनी मैत्री केली, माझ्या कविता वाखाणल्या. मग एका १४ एप्रिलला मी 'जयभीम' लिहिले. भांडण नाही, शिवी नाही. काहीजण नुसते गळाले. त्याच आठवड्यात नांदेडहून, नागपूरहून अनोळखी माणसांनी उलट जयभीम घातला.

यंत्राला जात कळत नसेल. पण ते ओळखीच्यांच्या ओळखीचे सुचवते, आणि आमच्या ओळखी लग्नाच्या मांडवाने नि वस्तीच्या वेशीने आधीच वाटून ठेवल्या आहेत. समाजात परस्परसंपर्काच्या अनेक वाटा हव्यात, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावरील पुस्तकात मांडले होते. वाटा झाल्या, त्यांवरचे पहारे उठले नाहीत. २०१५ मध्ये शिर्डीत बाबासाहेबांवरील गाण्याची रिंगटोन वाजली, एवढ्या कारणावरून एका दलित तरुणाचा खून झाला.

परवा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, खात्यावर आडनाव लावू का?" माझ्याच खात्यावर ते नव्हते. त्या रात्री मी ते लिहिले आणि दुसऱ्या दिवशी तिला म्हणालो, "लाव. धोका आहे, तो ओळखून लाव. गळतील ते गळू देत. जोहार घालून मिळणारी मैत्री आता आपल्याला नको."