पानशेत आणि आपला मातीचा बंधारा

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं. काम अपुरं असताना पहिल्याच पावसाळ्यात पाणी भरलं अन् मोरीवरचा भराव खचला. लोंढ्यानं खालचं खडकवासलाही फुटलं, पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आमची बिबवेवाडी उंचावर.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो. १० ते १५ मीटरच्यांना काही अटींवर. आपले खाजगी बंधारे बहुतेक त्याच्या बाहेरच. पण धोका नुसत्या उंचीवर ठरत नाही, खाली कोण राहतं त्यावर ठरतो. खाली वस्ती वाढली की जुना बंधाराही धोक्याचा होतो. म्हणून पावसाळ्याआधी सांडवा मोकळा करा, घुशींची बिळं बुजवा. पाझर गढूळ आला तर खालच्या वस्तीला आधी सांगा.