बारीक हातपाय, पुढे पोट : एका फोटोची गोष्ट

आजची गोष्ट एका फोटोपासून सुरू करतो. तो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यात दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत. एक आपल्या पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. (साखरेवर पुस्तक लिहिणारे युडकिन वेगळे, गल्लत नको.) दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. म्हणजे वजनकाट्याच्या हिशोबाने दोघेही फिट. पण मशीनमध्ये चरबी मोजली तर युडकिन साहेबांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिक सरांच्या अंगात 21.2 टक्के. दुपटीहून जास्त! एक जण मॅरेथॉन पळतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं, अशी कोपरखळीही त्यांनी स्वतःच लेखात मारून ठेवली आहे.

आता थोडं मागे जाऊ. आपल्याकडे सुटलेलं पोट म्हणजे ‘खात्यापित्या घरचा’ असल्याची खूण. लग्नानंतर ढेरी आली की लोक चक्क कौतुक करायचे, अजूनही करतात. चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं, हे 1947 मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या झाँ वाग नावाच्या डॉक्टरने मांडलं. मांड्या-नितंबांवरची चरबी तुलनेने निरुपद्रवी, पण धडाच्या वरच्या भागात साठणारी चरबी मधुमेह आणि हृदयविकाराच्या वाटेवर नेते, असं त्याचं म्हणणं. पुढची कितीतरी वर्षं त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

म्हणजे बघा, चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. खरा घोळ आत, आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये साठणाऱ्या चरबीचा. आतड्यांकडचं रक्त थेट लिव्हरला जातं, त्यासोबत ही चरबीही तिथे पोचते. मग लिव्हर इन्शुलिनचं ऐकेनासं होतं, साखर वाढते, रक्तातली चरबी वाढते, मागोमाग बीपी. आणि यातलं काहीच दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कळतही नाही.

पण आपल्यालाच हे जास्त का? इथे गोष्ट पुण्याजवळच्या सहा गावांत जाते. 1993 मध्ये याज्ञिकांच्या टीमने तिथल्या बायकांची, त्या गरोदर राहण्याआधीपासून नोंद ठेवायला सुरुवात केली. शेतात राबणाऱ्या, किरकोळ अंगाच्या बायका. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. साहजिकच पुण्याची बाळं सगळ्याच मापांत लहान होती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमट्याने मोजलेली चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. पोटात असताना आईकडून जेवढं मिळालं, त्यात शरीराने स्नायूंवर काटकसर केली आणि चरबी राखली. यातून ‘थिन-फॅट’ बाळ हा शब्द आला.

मला यात सगळ्यात जास्त हे भिडतं, की दोष फक्त वडापाव आणि सोफ्याचा नाही. आपल्या आज्यांच्या ताटात काय नव्हतं, तेही आपल्या कमरेत आहे. (म्हणून रोज वडापाव खायला मोकळीक मिळाली असं समजू नका हां!)

तर यातून मापं बदलली. युरोपियन पुरुषाला कमरेची मर्यादा 94 सेंटिमीटर, आपल्याला 90. आपल्या बायकांसाठी 80. आणि हे पॅन्टचं माप नव्हे. पॅन्ट आपण ढेरीच्या खाली घालतो! टेप लावायची सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता.

त्या गावांतली बाळं मोठी झाली. अठराव्या वर्षी तपासली तेव्हा मुलग्यांपैकी 37 टक्के आणि मुलींपैकी 18 टक्के जणांची रक्तातली साखर नेहमीपेक्षा वर निघाली. बहुतेक सगळी दिसायला बारीकच. ती मुलं जन्मली साधारण 1994 ते 96 या काळात. मी 1995चा. रेकॉर्डिंगच्या आधी आईच्या शिलाई मशीनवरची टेप घेऊन आरशासमोर उभा राहिलो.

91.