जैसे थे करार आणि पैनगंगेचे दोन काठ



या स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य आपण मला दिले, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मी आयुष्यभर मराठी साहित्य शिकविले. इतिहास हा माझ्या प्रबंधाचा विषय नव्हता. परंतु आदिलाबादसारख्या जिल्ह्यात मराठी शिकणाऱ्या आणि शिकविणाऱ्या माणसाला राज्याराज्यांमधील करारांचा इतिहास टाळून पुढे जाता येत नाही. आपण मराठी बोलतो आणि तेलंगणात राहतो, यामागेही असेच काही कागद आहेत. त्यांपैकी एका कागदाविषयी आज बोलावयाचे आहे. तो कागद म्हणजे २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजाम मीर उस्मान अली खान आणि हिंदी संघराज्याच्या वतीने गव्हर्नर जनरल लॉर्ड माउंटबॅटन यांनी सह्या केलेला ‘जैसे थे करार’.

शालेय पुस्तकांत हैदराबाद मुक्तीचा इतिहास बहुधा १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू होतो आणि १७ सप्टेंबरला संपतो. पोलीस कारवाईच्या त्या पाच दिवसांपूर्वीचे साडेनऊ महिने पुस्तकात एखाद्या वाक्यात उरकले जातात. ‘निजामाने कराराचा भंग केला’ हे ते वाक्य. ते चुकीचे नाही. पण करार कोणता, त्यातील कोणते कलम, भंग कसा आणि भंग एकाच बाजूने झाला काय, हे प्रश्न त्या काळी दिल्लीत, हैदराबादेत, लंडनमध्ये उघडपणे आणि कडाडून वादिले गेले होते. तो वाद आपण विसरलो आहोत.

प्रथम करार पाहू. १५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रजांचे सार्वभौमत्व संपले. आपण स्वतंत्र राजे झालो असे निजामाने जूनमध्येच फर्मान काढून जाहीर केले होते. सामीलनाम्यावर सही करावयाची त्यांची तयारी नव्हती आणि पोटात असे स्वतंत्र राज्य ठेवावयाची दिल्लीची तयारी नव्हती. यातून मार्ग निघाला तो एक वर्षाच्या तात्पुरत्या व्यवस्थेचा. छत्तारीचे नवाब, सर वॉल्टर मंक्टन आणि सर सुलतान अहमद यांनी मसुदा जवळजवळ पक्का केला होता. पण २७ ऑक्टोबरच्या पहाटे इत्तेहादच्या जमावाने त्यांच्या घरांना वेढा घातला आणि शिष्टमंडळ दिल्लीस जाऊ शकले नाही. छत्तारींनी राजीनामा दिला. नवे शिष्टमंडळ नेमले गेले, महिनाभर खल झाला आणि शेवटी सही झाली ती जवळपास त्याच मसुद्यावर!

कराराचा मजकूर अगदी आटोपशीर आहे, कलमे पाच. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि दळणवळण यांसह समान हिताच्या सर्व बाबींत इंग्रज सरकार आणि निजाम यांच्यात १५ ऑगस्टपूर्वी जे करार व ज्या प्रशासकीय व्यवस्था होत्या, त्या तशाच पुढे चालू राहतील, हे पहिले कलम. दुसऱ्याने एकमेकांच्या राजधानीत प्रतिनिधी ठेवावयाचे ठरले. त्यानुसार जानेवारी १९४८ मध्ये कन्हैयालाल मुन्शी हैदराबादेत आले. तिसऱ्याने इंग्रजांचे जुने अधिसत्तेचे अधिकार दिल्लीस मिळणार नाहीत असे स्पष्ट केले. चौथे कलम लवादाचे: वाद उत्पन्न झाल्यास दोन्ही पक्षांनी एकेक लवाद नेमावा आणि त्या दोघांनी मिळून एक सरपंच निवडावा. पाचवे मुदतीचे. या चौथ्या कलमाकडे मी पुन्हा येणार आहे.

आता ‘जैसे थे’ म्हणजे नेमके कसे, हे समजण्यासाठी राजधान्या सोडून आपल्या नद्यांकडे यावे लागेल. १९४७ चा आदिलाबाद जिल्हा आजच्यापेक्षा फार मोठा होता. २०१६ मध्ये त्याचे चार जिल्हे झाले, हे आपण पाहिलेच. पण त्या काळी किनवट आणि राजुरा हेही याच जिल्ह्यात होते. उत्तरेस पैनगंगा, पलीकडे यवतमाळ. ईशान्येस वर्धा, पलीकडे चांदा. दोन्ही काठांवर मराठी आणि गोंडी बोलणारी माणसे, तीच सोयरीक, तोच कापूस. गंमत अशी की पैनगंगेच्या पलीकडचा वऱ्हाड प्रांतही कागदोपत्री निजामाचाच होता. १९०२ साली लॉर्ड कर्झनने तो दरसाल २५ लाख रुपयांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने घेतला होता. म्हणजे नदीच्या दोन्ही काठांवर नावापुरता राजा एकच. नाणे, जकात आणि पोलीस मात्र वेगळे.

जकातीच्या खात्यास निजामी राज्यात करोडगिरी म्हणत. नदीच्या उतारावर, रस्त्यांवर करोडगिरीचे नाके असत. १८०२ च्या व्यापारी तहाने कंपनी सरकारने निजामाची जकात शेकडा ५ वर बांधून टाकली होती. नाणेही वेगळे होते. हैदराबादचा हाली शिक्का आणि इंग्रजांचा कलदार यांचा ठरलेला भाव १०० कलदारास ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सोप्या हिशेबाने सहा कलदारांस सात हाली. आमच्या घरी आजोबांच्या काळातील एक खतावणी होती. तिच्यात प्रत्येक पानावर दोन रकाने असत, एकावर ‘हा.’ आणि दुसऱ्यावर ‘क.’ अशी खूण. पलीकडे सरकी विकली की कलदार, अलीकडे सारा भरावयाचा तो हालीत. सीमेवरच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने ‘जैसे थे’ या शब्दांचा अर्थ हे दोन रकाने चालू राहणे, एवढाच होता.

करारावरील शाई वाळते न वाळते तोच हैदराबाद सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातू राज्याबाहेर हिंदी संघराज्यात नेण्यास बंदी केली. दुसऱ्याने हिंदी चलन हैदराबादेत कायदेशीर चलन राहणार नाही असे ठरविले. त्याच सुमारास, लायक अली पंतप्रधान झाल्यावर, हैदराबादने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज हिंदी सरकारच्याच रोख्यांच्या रूपाने दिल्याचे उघड झाले.

दिल्लीने हा करारभंग मानला. हैदराबादचे उत्तर असे की नाणे पाडण्याचा हक्क इंग्रजांनीही आम्हांस नाकारला नव्हता, १९१८ पासून आमच्या स्वतःच्या नोटा आहेत. चलन ही अंतर्गत बाब आहे, समान हिताची नव्हे. शब्दांवर बोट ठेवले तर हा युक्तिवाद अगदीच पोकळ म्हणता येत नाही. परंतु करार हा शब्दांसाठी केला जात नाही. ज्या व्यवहाराचे नाव ‘जैसे थे’ असे ठेवले त्यात शंभर वर्षे हातात खेळणारा कलदार एका रात्रीत बेकायदा ठरविणे, हा माझ्या मते उघड भंग होता. आणि ज्या राज्याचे रोखे त्याच्याशी नुकताच तह केला, तेच रोखे त्याच्याशी काश्मिरात लढणाऱ्या देशास देणे हे तर शहाणपणाचेही नव्हते. पुढे, कराराच्या मुदतीत पाकिस्तानने ते रोखे वटवू नयेत असे पाहू, हे आश्वासन हैदराबादला द्यावे लागले, यातच चुकीची कबुली आहे.

आता दुसरी बाजू. हिच्याविषयी आपल्याकडे बोलताना आवाज खाली जातो, म्हणून मी मुद्दाम स्पष्ट बोलतो. १९४८ च्या उन्हाळ्यापर्यंत हैदराबादभोवती नाकेबंदी पडली होती. शस्त्रे अडविली गेली हे समजण्याजोगे आहे. रझाकारांच्या हाती ती जाणार हे उघड होते. पण मीठ, औषधे, पेट्रोल, यंत्रांचे भाग आणि पाणी शुद्ध करण्याचे क्लोरीन यांचीही टंचाई झाली, अशी हैदराबाद सरकारची तक्रार होती. हे सारे प्रांतिक सरकारांच्या आणि खालच्या अधिकाऱ्यांच्या पातळीवर घडले, केंद्राने असा हुकूम दिला नव्हता, अशी दिल्लीची भूमिका होती. ही सफाई मला पटत नाही. हैदराबादला समुद्रकिनारा नव्हता. मिठाचा प्रत्येक खडा संघराज्याच्या मुलखातून येई. आमच्या डोंगराळ भागातील गोंड आठवडी बाजारास येई तो मुख्यतः मीठ आणि कापड घेण्यास. त्याने कोणताही वटहुकूम काढला नव्हता.

याच काळात स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी उमरखेडसारख्या सरहद्दीवरील कॅम्पांतून करोडगिरीचे नाके जाळले. त्यांना आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणतो आणि ते योग्यच आहे. निजामाच्या दृष्टीने मात्र ते कॅम्प शेजारच्या राज्याच्या भूमीवर होते आणि ते राज्य करारात बांधलेले होते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

मार्च १९४८ मध्ये दिल्लीने भंगांची यादी हैदराबादला पाठविली. एप्रिलमध्ये लायक अलींनी उलट यादी पाठविली. मग लवादाचे चौथे कलम कोठे गेले? हैदराबादने लवादाची मागणी केली. दिल्लीने ती मानली नाही. दिल्लीस हे प्रकरण दोन समान पक्षांतील दिवाणी दावा म्हणून चालवावयाचे नव्हते. लवाद मान्य करणे म्हणजे हैदराबादचे स्वतंत्रपण मान्य करण्यासारखे झाले असते. राजकारण म्हणून हे मला समजते. तरीही स्वतः सही केलेले कलम वापरण्यास नकार दिला, हे सत्य त्यामुळे पुसले जात नाही. लंडनमध्ये विरोधी पक्षनेते चर्चिल यांनी जुलै १९४८ मध्ये पार्लमेंटात हैदराबादची बाजू उचलून धरली. अर्थात ज्या पक्षाने दीडशे वर्षे संस्थानिकांशी केलेले तह सोयीप्रमाणे वाकविले, त्याच्या तोंडी तहाचे पावित्र्य ऐकताना हसू येते.

साहित्याचा विद्यार्थी म्हणून येथे एक सांगावेसे वाटते. या प्रकरणाची तीन प्रमुख कथने तिघा भागीदारांनी लिहिली. व्ही. पी. मेनन यांचे पुस्तक १९५६ चे, मुन्शींचे १९५७ चे, लायक अलींचे कराचीहून निघालेले १९६२ चे. मेनन टिपणी लिहिणाऱ्या अधिकाऱ्यासारखे लिहितात. मुन्शी मुळात कादंबरीकार, त्यांच्याकडे खलनायक ठळक उतरतात. लायक अलींच्या पानापानांत फसविले गेल्याची भावना आहे. प्रत्येकजण करार दुसऱ्याने मोडला असे म्हणतो. तिन्ही शेजारी ठेवून वाचावीत, एकट्यावर विसंबू नये.

मग दोन्ही पारडी समान आहेत काय? माझ्या मते नाहीत. पण त्याचे कारण वटहुकमांत किंवा नाकेबंदीत शोधावयाचे नाही. ते कारण असे की एका बाजूस या वादावर बोलता येत होते आणि दुसऱ्या बाजूस बोलणाऱ्याचा जीव जात होता. करारानंतर सुटलेले स्वामी रामानंद तीर्थ जानेवारी १९४८ च्या अखेरीस पुन्हा तुरुंगात होते. लायक अलींच्याच मंत्रिमंडळातील जे. व्ही. जोशी यांनी राजीनामा दिला आणि परभणी व नांदेड जिल्ह्यांतील, विशेषतः लोह्यातील, अत्याचार डोळ्यांनी पाहिल्याचे पत्रात लिहिले. ऑगस्टमध्ये सात प्रतिष्ठित मुसलमान गृहस्थांनी, त्यांत बाकर अली मिर्झा होते, जाहीर पत्रक काढून संघराज्यात सामील व्हावे असे सांगितले. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी याच मताचा पाठपुरावा केला. त्याच महिन्यात, एका रात्री कचेरीतून घरी परतताना हैदराबादच्या रस्त्यावर त्यांचा खून झाला. हैदराबादच्या वतीने कराराची भाषा बोलणाऱ्यांनी सही करताना ज्यांच्या नावाने सही केली, त्या प्रजेला मत विचारले नव्हते. आणि कोणी न विचारता ते सांगितले तर ही गत. तहाच्या कलमांचा आधार घेणाऱ्या सरकारची बाजू मला येथे ढासळलेली दिसते.

पण एवढे म्हणून आपण मोकळे होत नाही. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात आणि लगतच्या भागांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर जे गुदरले, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. तो अहवाल कित्येक दशके वाचकांच्या हाती आला नाही. शोएबुल्ला खान यांचे नाव घेणाऱ्याने हा अहवालही वाचला पाहिजे.

हैदराबादने २१ ऑगस्ट १९४८ ला राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे तक्रार केली. ती सुनावणीस आली १६ सप्टेंबरला, तेव्हा मेजर जनरल चौधरींच्या तुकड्या राजधानीच्या वाटेवर होत्या. दुसऱ्या दिवशी युद्धबंदी झाली आणि २२ तारखेस निजामाने तक्रार मागे घेतल्याची तार केली. कराराची मुदत २९ नोव्हेंबर १९४८ ला संपावयाची होती. त्या दिवशी निजाम गादीवरच होते, पण कराराची आठवण कोणास राहिली नव्हती.

नदीवरचे व्यवहार इतक्या झपाट्याने बदलले नाहीत. १९५० च्या एप्रिलपासून आर्थिक एकीकरण सुरू झाले, तरी हाली नाणी बाजारात पुढेही काही वर्षे फिरत राहिली. करोडगिरीची अंतर्गत जकातही लगेच उठली नाही. महसूल एकदम बुडू नये म्हणून हैदराबाद राज्यास ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याची मुभा मिळाली होती. १९५६ मध्ये किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, आपण आंध्र प्रदेशात आलो, आणि पैनगंगेच्या काठावर पुन्हा एक नवी सरहद्द उभी राहिली. तिच्या नाक्यांवर तपासणी होत होती ती आता दोन भाषिक राज्यांच्या कागदांची.